पाणी अडवा, घर तापवा

जानेवारीतलं इंग्लंड. बाहेर तापमान शून्याच्या आसपास. एका साध्या दोन मजली घरात प्रत्येक खोलीत, बहुधा खिडकीखाली, पत्र्याचा चपटा पांढरा रेडिएटर भिंतीला लावलेला आहे. त्यातून गरम पाणी फिरतं आणि खोली उबदार होते. बॉयलर एक, पंप एक, पाणीही तेच. तरी वरच्या मजल्यावरची माणसं खिडकी किलकिली करून झोपतात आणि खाली दिवाणखान्यात पायावर शाल घ्यावी लागते. शेजारच्या घरात नेमकं उलटं: खाली उकाडा, वर दातावर दात. हे काय गौडबंगाल आहे? नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही पहिल्याच हिवाळ्यात हा प्रश्न पडतो आणि बहुतेक जण सरळ थर्मोस्टॅट वाढवतात. मग गरम खोली आणखी तापते, गार खोली जवळपास तशीच राहते आणि गॅसचं बिल तेवढं फुगतं.

खरी गोष्ट सुरू होते ती फक्त ११ ग्रॅमपासून.

एक लिटर पाणी ६० अंश सेल्सिअसला साधारण ९८३ ग्रॅम भरतं. तेच ८० अंशांना ९७२ ग्रॅम. फरक ११ ग्रॅमचा. एवढ्याशा फरकाने काय होणार? पण याच ११ ग्रॅमच्या जोरावर युरोप-अमेरिकेतले मोठमोठे वाडे, शाळा आणि चर्च कित्येक दशकं तापत राहिले, तेही पंपाशिवाय. तळघरात बॉयलर असे. तिथे तापलेलं हलकं पाणी आपोआप वर चढे, रेडिएटरमध्ये उष्णता देऊन जड होई आणि परतीच्या पाइपमधून पुन्हा तळघरात उतरे. वीज नाही, मोटर नाही, आवाज नाही. फ्रान्समध्ये बोनमँ नावाच्या गृहस्थाने १७७७च्या सुमारास याच तत्त्वावर गरम पाणी फिरवलं होतं. कशासाठी, तर कोंबडीची अंडी उबवण्यासाठी! माणसांच्या आधी ही चैन पिलांनी अनुभवली. शिवाय आच आपोआप कमी-जास्त करायला त्याने धातूच्या प्रसरणावर चालणारं नियंत्रकही केलं होतं. माणसांच्या खोल्यांत बीडाचे रेडिएटर यायला त्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षं गेली. १८५०च्या दशकात सेंट पीटर्सबर्गला फ्रान्झ सान गाली या कारखानदाराने ते घडवले, असं सहसा मानलं जातं.

आता मजल्यांकडे या. गरम आणि गार पाण्याच्या वजनातला हा फरक उंचीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ११ मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतका रेटा देतो. तळघरातल्या बॉयलरपासून तळमजल्याचा रेडिएटर दोन मीटर उंच धरला, तर त्याच्या वाट्याला २२ मिलिमीटर. वरच्या मजल्याचा पाच मीटरवर धरला, तर ५५. म्हणजे जितकं उंच, तितका रेटा जास्त! आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी वरच्या मजल्यावर रडत-रडत येतं. या घरांत वरच्याचाच थाट. तेव्हाचे कारागीर हे ओळखून होते. ते वरच्या मजल्याला बारीक पाइप टाकत आणि खालच्याला रुंद. काही जण वरच्या रेडिएटरच्या जोडात मधोमध बारीक भोक पाडलेली धातूची चकती बसवून देत. चकती आत गेली, जोड आवळला, रंग लागला. आत काय आहे ते पुढच्या पिढीला कळायचं कारणच नाही.

मग पंप आला.

घराच्या पंपाचा रेटा दोन ते चार मीटर पाण्याच्या दाबाइतका, म्हणजे दोन ते चार हजार मिलिमीटर. त्यापुढे ५५ मिलिमीटर म्हणजे किस झाड की पत्ती. जुन्या घरात हौसेने पंप बसवला की पाणी उंचीचा हिशेब विसरायचं आणि फक्त वाट किती मोकळी आहे ते पाहायचं. रुंद पाइप कुठे? खालच्या मजल्याला. बारीक पाइप आणि ती दडलेली चकती कुठे? वर. झालं, पन्नास वर्षं सुखात असलेला वरचा मजला एका दिवसात गारठला आणि दोष आला नव्या पंपावर: ‘एवढ्या वर पाणी चढवायची ताकद नाही त्याच्यात.’

हे ऐकायला किती पटतं! आणि साफ चुकीचं आहे. बंद वर्तुळात फिरणारं पाणी पंपाला उचलावं लागतच नाही. एका पाइपमधून जेवढं पाणी वर जातं, तेवढंच दुसऱ्या पाइपमधून त्याच क्षणी खाली येत असतं. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला उचलून धरतं. घर दोन मजली असो की सात मजली, वर्तुळ एकदा भरलं की पंपाला झगडायचं असतं ते केवळ पाइपांतल्या घर्षणाशी. आजकालचे घरगुती पंप कित्येकदा जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा कमी विजेत अख्ख्या घरात पाणी खेळवतात, ते याच कृपेने.

तर मग प्रश्न ताकदीचा नसून वाटणीचा आहे. सगळे रेडिएटर एकाच जाण्याच्या आणि एकाच येण्याच्या पाइपांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे जोडलेले असतात. पंपाजवळच्या पायरीतून पाणी गेलं तर वाट छोटी, घर्षण कमी. शेवटच्या पायरीपर्यंत जायचं तर लांबचा पल्ला. पाण्याला कुठली खोली गार आहे ते दिसत नाही. ते जवळच्या रेडिएटरमधून धावतं आणि जवळजवळ तसंच कढत, उष्णता न देता बॉयलरकडे परततं. कालव्याच्या पाण्यावर ज्याची शेती आहे, त्याला यापुढचं समजावून सांगायची गरज नाही. कालव्याच्या तोंडाशी असलेला, म्हणजे हेडचा शेतकरी उसाला पाणी पाजून-पाजून जमीन चिबड करतो आणि शेवटच्या, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत धूळ उडते. कालव्यात आणखी पाणी सोडल्याने हे मिटत नाही, हेडची गेटं खाली घ्यावी लागतात. इथेही मोठा पंप आणून काही साधत नाही, कारण सगळ्यांचा वाटा सारख्याच प्रमाणात वाढतो आणि जवळचा पुन्हा पुढेच राहतो.

म्हणजे जवळच्याचं पाणी तोडायचं. मग त्याची खोली गार नाही का पडणार?

या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर आश्चर्य नेमकं इथे आहे. समजा रेडिएटरमध्ये पाणी ७५ अंशांनी शिरतं, ६५ अंशांनी बाहेर पडतं आणि खोली २० अंशांवर आहे. आता त्याचं पाणी निम्मं करा. उष्णता किती कमी होईल? निम्मी? हिशेब मांडला तर उत्तर येतं, जेमतेम दहा टक्के! पाणी निम्मं, उष्णता तरीही ९० टक्के. अजून कमी करा, पाव पाणीच ठेवा. तरी ७० टक्क्यांहून जास्त उष्णता मिळत राहते. कारण सावकाश जाणारं पाणी रेडिएटरमध्ये जास्त वेळ रेंगाळतं आणि जाताना आपल्याकडची जास्त उष्णता देऊन जातं. निम्मं पाणी असताना ते ६५ ऐवजी साधारण ५७ अंशांपर्यंत उतरून बाहेर पडतं, पाव असताना ४६च्या आसपास. उलट बाजूने पाहा: पाणी दुप्पट केलं तर उष्णता वाढते फक्त सहा टक्के. म्हणजे पंपाजवळचा रेडिएटर जे जास्तीचं पाणी ओढून घेतो, त्याचा त्याला स्वतःलाही काही उपयोग नसतो. त्याच्याकडून निम्मं काढून घेतलं तरी त्याला पत्ता लागत नाही आणि शेवटच्या खोलीचं मात्र नशीब उघडतं. शेतीत पाण्याची वाटणी करताना पाटकऱ्याला इतकी सोय कुठली!

आणि हे करायचं साधन प्रत्येक रेडिएटरच्या पायाशी आधीपासून बसवलेलं असतं. एका बाजूला हाताने फिरवायचा किंवा आकडे असलेला व्हॉल्व्ह सगळ्यांना ठाऊक असतो. दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची एक मुकी टोपी असते. ती फिरवली तर नुसतीच फिरते, म्हणून लोक तिला शोभेची समजतात. टोपी ओढून काढली की आत पितळी दांडा दिसतो, पान्याने फिरणारा. त्याला लॉकशील्ड म्हणतात. घराच्या उबेची वाटणी याच्या हातात असते आणि त्या घरात वीस वर्षं राहिलेल्या माणसाने त्याला कधी पाहिलेलंही नसतं. गंमत म्हणजे त्याचे चार-पाच फेरे असले तरी खरं काम पहिल्या एखाद्या फेऱ्यातच संपतं. पूर्ण बंद करून पाव फेरा उघडला तर पाण्यात लक्षणीय फरक पडतो. तिसऱ्या फेऱ्यानंतर कितीही उघडा, जवळपास तेवढंच पाणी.

प्लंबर काय करतो? आधी सगळं गार होऊ देतो. सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, बॉयलर सुरू करतो आणि कुठला रेडिएटर आधी तापतो, कुठला शेवटी, तो क्रम टिपून ठेवतो. मग पहिल्या नंबरच्या रेडिएटरचा लॉकशील्ड बंद करून पाव फेरा उघडतो, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपला तापमापक लावतो आणि दोहोंत ठरावीक फरक दिसेपर्यंत दांडा कणाकणाने फिरवतो. इंग्लंडमध्ये हा फरक पूर्वापार ११-१२ अंशांचा धरत; आताच्या बॉयलरना २० अंशांपर्यंत चालतो. क्रमाने पुढे सरकत शेवटच्या रेडिएटरपर्यंत पोहोचायचं; त्याचा व्हॉल्व्ह मात्र सताड उघडा ठेवायचा.

हे करण्याआधी चांगला प्लंबर रेडिएटरवरून नुसता हात फिरवतो. वरची कड गार आणि खाली गरम लागलं, तर आत हवा अडकली आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि घरातल्या सगळ्यात उंच जागी, म्हणजे वरच्या मजल्यावर, जाऊन बसते. छोट्या किल्लीने ती सोडून द्यायची. (काडी पेटवून बघायला जाऊ नका. पत्रा गंजताना हायड्रोजनही तयार होऊ शकतो आणि तो पेटतो.) उलट वर गरम, खाली मधोमध गार लागलं, तर तळाशी काळा गाळ साचलाय. हा गाळ म्हणजे लोखंडाचंच एक ऑक्साइड, मॅग्नेटाइट, लोहचुंबकाला चिकटणारं! म्हणून हल्ली बॉयलरजवळच्या पाइपवर चुंबक असलेली गाळणी बसवतात. हवा आणि गाळ असताना वाटणीचा हिशेब मांडण्यात अर्थ नसतो.

आता खरी मेख. तिसऱ्या रेडिएटरचं पाणी तुम्ही कमी केलंत की ते पाणी पहिल्या-दुसऱ्याकडे आणि पुढच्या सगळ्यांकडे थोडं-थोडं वळतं. म्हणजे मघाशी नीट लावलेले दोन्ही पुन्हा बिघडले. ते सुधारायला जावं तर तिसरा बिघडतो. याला अंत आहे का?

आहे, आणि तो दाखवला एका स्थापत्य अभियंत्याने. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले हार्डी क्रॉस हे इमारतींच्या सांगाड्यांचं गणित सोपं करण्यासाठी नावाजलेले. १९३६ साली त्यांनी पाइपांच्या जाळ्यांकडे मोर्चा वळवला. जाळ्यातल्या प्रत्येक पाइपमध्ये किती पाणी वाहतं हे एका फटक्यात सोडवायला गेलं तर समीकरणांचा गुंता होतो, कारण घर्षण प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतं. क्रॉस म्हणाले, आधी अंदाजे आकडे धरा. एका वेटोळ्यातली चूक काढा, दुरुस्त करा. शेजारचं वेटोळं बिघडेल, बिघडू द्या. मग ते दुरुस्त करा. प्रत्येक फेरीत राहिलेली चूक आधीपेक्षा लहान होत जाते. कागद, पेन्सिल आणि चिकाटी, एवढ्यावर पुढे गावोगावच्या पाणीपुरवठ्याची जाळी सोडवली गेली. पाना घेऊन खोल्याखोल्यांतून दुसरी फेरी मारणारा प्लंबर हेच गणित गुडघ्यावर बसून करत असतो. दोन-तीन फेऱ्यांत घर जागेवर येतं. मग कधी तरी रंगारी येतो, भिंत रंगवायला रेडिएटर उतरवतो आणि परत लावताना लॉकशील्ड सताड उघडतो. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जाणते प्लंबर म्हणूनच व्हॉल्व्ह बंद करताना फेरे मोजून लिहून ठेवतात.

ही वाटणी केवळ उबेपुरती नाही. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड लिटर पाणी तयार होतं. हो, आगीतून पाणी! ते वाफेच्या रूपात धुराड्यातून निघून जातं आणि जाताना बरीच उष्णता घेऊन जातं. इंग्लंडमध्ये एप्रिल २००५ पासून गॅसचे नवे बॉयलर सहसा असेच बसवावे लागतात, जे ही वाफ आतच गार करून तिचं पाणी करतात आणि तिची उष्णता परत मिळवतात. पण वाफेचं पाणी होण्यासाठी तिला गार पृष्ठभाग हवा, म्हणजे घरातून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. आणि जवळच्या रेडिएटरमधून पाणी कढतच परत आलं तर? बॉयलर कितीही महागडा असो, वाफ धुराड्यातून निघून जाते. झोपायच्या खोलीतल्या पितळी दांड्याचा पाव फेरा इथपर्यंत पोहोचतो. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर गॅसची टंचाई झाली, तेव्हा जर्मनीने तर ही वाटणी कायद्यातच घातली: १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमाने गॅसवर तापणाऱ्या दहा किंवा जास्त सदनिकांच्या इमारतींना ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत हे काम करून घेणं भाग पाडलं.

मग प्रत्येक रेडिएटरला आपोआप चालणारे व्हॉल्व्ह का लावू नयेत? लावतातच. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ साली असा व्हॉल्व्ह शोधला. त्यात ना वायर ना बॅटरी. मुठीएवढ्या डोक्यात मेण, द्रव किंवा वायू भरलेला असतो. खोली तापली की तो फुगतो, दांडा खाली दाबतो आणि पाणी अडवतो. खोली गार झाली की आक्रसतो. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं, एका पैशाच्याही विजेविना! पण त्याला एक मर्यादा आहे. तो जास्तीचं रोखू शकतो, नसलेलं आणू शकत नाही. पहाटे सगळं घर गार असताना सगळीच डोकी पूर्ण उघडी असतात आणि पाणी पुन्हा जवळच्या वाटेने पळतं. त्यातून घराचा मुख्य थर्मोस्टॅट खालच्या बोळात, लवकर तापणाऱ्या रेडिएटरशेजारी असला तर आणखीच पंचाईत: बोळ तापला की तो बॉयलर बंद करून टाकतो आणि वरची शेवटची खोली ताटकळत राहते.

न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत तर वेगळीच तऱ्हा. तिथे पाण्याऐवजी वाफ, आणि अनेक ठिकाणी प्रत्येक रेडिएटरला पाइप एकच. त्याच पाइपमधून वाफ वर चढते आणि तिचं झालेलं पाणी त्यातूनच खाली ओघळतं. व्हॉल्व्ह अर्धवट बंद केला तर दोघांची टक्कर होऊन पाइप हातोडा मारल्यागत ठणठणतात. मग वाटणी कशाने करायची? हवेने! रेडिएटरच्या टोकाला फुसफुसणारी एक छोटी तोटी असते. आतली हवा जितक्या झपाट्याने तिथून निघेल, तितक्या झपाट्याने वाफ आत येईल. वाफ तोटीला भिडली की तोटी स्वतःच मिटते. म्हणून जवळच्या रेडिएटरला बारीक भोकाची तोटी, लांबच्याला मोठ्या भोकाची. या इमारतींत भर हिवाळ्यात उघड्या खिडक्या दिसतात, त्यामागेही कारण आहे. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर ताज्या हवेचा आग्रह इतका वाढला की खिडक्या उघड्या ठेवूनही खोली तापावी अशा बेताने बॉयलर आणि रेडिएटर मोठे घेतले जात. साथ गेली, रेडिएटर राहिले.

आता समजा तुमच्या दोन मजली घरातलं पाणी अगदी तोलून वाटलं गेलंय. प्रत्येक खोलीला तिच्या हक्काची उष्णता मिळते. तरी तासाभरात वरचा मजला थोडा जास्तच तापतो. आता कोण खोडी काढतंय?

हवा. शून्य अंशाची एक घनमीटर हवा साधारण १.२९ किलो भरते, २० अंशांची १.२० किलो. फरक ९० ग्रॅम. पाण्याला वर चढवणाऱ्या त्या ११ ग्रॅमचं हे भावंडच! घरातली गरम हवा जिन्याने वर चढते, माळ्याच्या फटींतून निसटते आणि तिच्या जागी तळमजल्याच्या दाराखालून बाहेरची गार हवा आत ओढली जाते. खालचा मजला अख्ख्या घराच्या वाटची थंडी सोसतो आणि त्याच्या रेडिएटरची कमाई वरच्या मजल्याला जाते. म्हणून अनुभवी प्लंबर कागदावरच्या हिशेबावर थांबत नाहीत. वरच्या खोल्यांचे व्हॉल्व्ह आणखी किंचित आवळतात आणि खाली थोडं जास्त पाणी सोडतात. वर क्लाउसेनचे व्हॉल्व्ह असतील तर ते चढून आलेल्या उबेने आपणहून मिटतात आणि तेवढं पाणी खाली उरतं. ब्रिटनमधल्या कितीतरी जुन्या घरांत जिन्याच्या पायथ्याशी दार असे. नंतरच्या मालकांनी मोकळं-ढाकळं वाटावं म्हणून ते काढून टाकलं. वरचा मजला उकडतोय म्हणून पान्याशी झटापट करण्याआधी तिथे पूर्वी दार होतं का, ते चौकटीवरच्या बिजागऱ्यांच्या खुणा पाहून ठरवता येतं. असलं, तर सुताराला आधी बोलवा आणि प्लंबरला नंतर.